मांजराचा बोळ

नाना, पोह्यांचा वास अजून माझ्या नाकातून जात नाही. आंघोळ केली, नाकात तूप सोडलं, गोदामातले कपडे वेगळ्या बादलीत भिजवले, तरी जेवायला बसले की पहिल्या घासाबरोबर तो येतोच. ओल्या पोत्याचा, आंबूस, गादीखाली काहीतरी मरून पडावं तसा. तुम्हाला हा वास समजावून सांगायची गरज नाही. तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली, पण गोदामाला कधी वास आला तर तो आधी तुम्हाला यायचा आणि मग आम्हाला. आता तुमच्या खुर्चीत मी बसते आणि शेजारच्या खुर्चीत तुमचा धाकटा, आणि त्याला वास येत नाही. गेल्या काही महिन्यांत मी त्याला पुष्कळ बघितलं. त्याला कसलाच वास येत नाही असं माझं मत झालंय.

झालं असं की वारज्याचं आपलं गोदाम आम्ही वाढवायला घेतलं. कसब्यातल्या त्या गल्लीतून तुम्ही इथं आलात तेव्हा आजूबाजूला शेतं होती आणि रिक्षावाले यायला नाही म्हणायचे. आता मागे मोठी सोसायटी आहे. तिथले लोक गॅलरीतून आमच्या पत्र्यावर पोळीचे तुकडे टाकतात, कबुतरांसाठी, आणि मग खाली येऊन आम्हालाच सांगतात की तुमच्यामुळे उंदीर झालेत. तर मागची पत्र्याची शेड आणि तिच्याभोवतीची मोकळी जागा आपलीच होती. तिथं नवं बांधकाम उभं करायचं आणि ते पुरं झालं की मधली जुनी भिंत पाडून दोन्ही एक करायचं, असा बेत. बेत वाईट नव्हता. खानावळी वाढल्यात, हॉस्टेलं वाढलीत, पोहे, रवा, डाळी ठेवायला जागा पुरत नाही हे मीही म्हणत होते. भांडण एकाच गोष्टीवर झालं. मी म्हटलं, थोडे दिवस भाड्याची जागा घेऊ, माल तिकडे हलवू, इथलं काम उरकू आणि परत येऊ. धाकटा म्हणाला, "ताई, ऑपरेशन थांबवायचं नाही. आजकाल सगळे फेजवाइज करतात." आणि मी तोंड उघडायच्या आत त्याने हुकमाचा एक्का टाकला. "नानांनी गोदाम एक दिवस बंद ठेवलं नव्हतं."

खरं आहे, ठेवलं नव्हतं. दिवाळीच्या पाडव्याला पूजा आटोपून अर्धं का होईना शटर वर असायचं. आजी गेली त्या दिवशी स्मशानातून येऊन, अंगावर दोन तांबे ओतून तुम्ही ट्रक उतरवून घ्यायला गेलात, आणि घर भरून माणसं बसली होती त्यांना आईने एकटीने तोंड दिलं. ती हे कधी विसरली नाही. तुम्ही मात्र ते अभिमानाने सांगायचात, अगदी व्याह्यांनासुद्धा. धाकट्याने तुमच्याकडून नेमकं तेवढंच उचललं. वडिलांच्या वाटण्या होतात तेव्हा ज्याला जे सोयीचं ते तो आधी उचलतो, तशातली गत.

कारण तुमचा दुसराही एक नियम होता, आणि तो त्याला आठवत नव्हता. भिंत आणि माल यांच्यात हातभर जागा सोडायची, चारी बाजूंनी. "मांजर फिरलं पाहिजे," तुम्ही म्हणायचात. हमाल त्या जागेला मांजराचा बोळ म्हणायचे. घाईत कोणी पोतं भिंतीला टेकवलं तर तुम्ही ओरडत नसायचात, चष्मा पुसत नुसतं म्हणायचात, "भिंत पाणी पिते रे बाबा, आणि एकटी पीत नाही." मी दुसरी-तिसरीत असताना तुम्ही मला वाढदिवसाला टॉर्च दिलात. वर्गातल्या मुलींना बाहुल्या मिळायच्या, फ्रॉक मिळायचे, आणि मी आपली टॉर्च घेऊन शाळेत दाखवायला गेले. मग शाळा सुटली की बोळातून एक फेरी, हे माझं काम झालं. मी आडवी होऊन सरकतेय. पाठीला पोती घासतायत, डावा तळवा भिंतीवर, भिंत गार आहे पण कोरडी आहे. पहिल्या कोपऱ्यात मिरचीचा ठसका, पुढे गुळाचा दर्प, शेवटच्या लांब भिंतीला पोह्यांचा कोरडा, भाजल्यासारखा वास, आणि मग एकदम उजेड आणि तुमचे पाय. तुम्ही विचारता, "काय?" मी म्हणते, "कोरडं." पहिल्याच आठवड्यात मी तुम्हाला विचारलं होतं की नाना, मांजर कुठंय? गोदामात मांजर नव्हतंच कधी. तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "तू आहेस की."

दुसरी परीक्षा घरी व्हायची. नवा माल आला की त्यातला मूठभर कागदाच्या पुडीत बांधून तुम्ही आईच्या ओट्यावर ठेवायचात. शितावरून भाताची परीक्षा ही इतरांच्या घरी म्हण असेल, आपल्याकडे तो स्वयंपाक होता. आपल्या घरात शिजून खाल्लं गेलं तरच दुसऱ्याच्या घरी जायचं. एकदा कुठल्याशा तांदळाच्या भाताला वास होता. मी नाक मुरडलं आणि ताट पुढे सरकवलं. तुम्ही म्हणालात, "नाक मुरडू नकोस. नाक मुरडणं हे उत्तर नाही. वास येतोय तर वास येतोय म्हण, तोंड दिलंय देवाने." मला रडूच आलं. रडत रडत मी म्हटलं, वास येतोय. तुम्ही तसेच ताटावरून उठलात आणि तो सगळा तांदूळ परत पाठवलात. कितीतरी वर्षं मला ही गोष्ट फार थोर वाटत होती. आता ती सांगताना मला आणखी एक दिसतं, त्याच्याकडे मी येईन.

तर फेजवाइज. पहिल्या फेजमध्ये मागची पत्र्याची शेड पाडली, आणि तिथला सगळा माल आत आणला. आत जागा होती कुठे? जागा फक्त बोळात होती. मी एका लग्नाला साताऱ्याला गेले होते, परत येऊन बघते तर चारी बोळ बुजलेले, पोती थेट भिंतीला, छतापर्यंत. मी धाकट्याला म्हटलं हे काय केलंस. तो म्हणाला, "टेम्पररी आहे." नाना, पुण्यात टेम्पररी या शब्दाखाली काय काय उभं राहतं ते तुम्ही बघून गेलात. मी म्हटलं भिंतीला ओल येईल. तो म्हणाला, "आता पाऊस कुठंय?" आणि हसला. मीही गप्प बसले, कारण पाऊस खरंच नव्हता आणि ऊन मी म्हणत होतं.

पावसाची गरजच नव्हती. जुन्या भिंतीला अगदी लागून पलीकडे नवं जोतं बांधत होते, त्यावर विटांचं काम. आणि नव्या बांधकामाला पाणी मारावं लागतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कंत्राटदाराचा माणूस सकाळ-संध्याकाळ पाइप लावून पाणी मारायचा, भरपूर, मनापासून. तो त्याचं काम चोख करत होता. पलीकडे भिंत भिजत होती, पाणी जोत्यापाशी साचत होतं, आणि अलीकडे तिला टेकून आपले पोहे. पलीकडे जे पाणी बांधकामाला हवं होतं तेच अलीकडे माल नासवत होतं, आणि मधे आपली ती जुनी भिंत, जी एकटी पीत नाही. आम्ही रोज पुढच्या बाजूने माल काढत होतो, नवीन आला की पुढेच लावत होतो. मागचं मागेच. फिरायला वाट नाही, कुणी बघत नाही. समोरून बघाल तर गोदाम कसं गच्च भरलेलं, लक्ष्मी पाणी भरतेय असं वाटावं. पाणी भरत होतं खरंच.

मग पुढचा माल संपत आला, हमालांनी मागच्या थराला हात घातला, आणि दोन दिवसांनी खानावळीवाल्या काकूंचा फोन आला. या विदर्भातल्या, नवरा गेल्यावर दोन मुलं घेऊन पुण्यात आल्या आणि आता आपल्या गोदामापासून जवळच पोरांची मेस चालवतात. बरीच वर्षं आपल्याकडूनच माल नेतात, कधी घासाघीस नाही. म्हणाल्या, "ताई, राग नका मानू, तुमच्या पोह्याले वास येऊन राहिला. पोरं बोलत नाहीत न, गुपचाप खाऊन घेतात. काल एकाले उलट्या झाल्या, दुसरं काही खाल्लं असंल त्यानं, पण म्हटलं तुमच्या कानावर घालून द्यावं." रागाचा आवाज असता तर मला बरं वाटलं असतं. त्या माझीच समजूत काढत होत्या.

मी हमालांना मागची थप्पी उतरवायला लावली. ते दृश्य तुम्हाला सांगावं की नाही याचा मी विचार केला, पण नाक मुरडणं हे उत्तर नाही. खालची पोती भिंतीला चिकटली होती, ओढली तर भिंतीचा पोपडा घेऊन आली. पोत्यांवर हिरवट-काळी बुरशी, हात लावला की बोटांना लागत होती. पोह्यांचे गोळे झाले होते, आत उबदार, हो, उबदार, जिवंत काहीतरी हातात धरल्यासारखे. एका पोत्यामागे उंदराची पिल्लं निघाली, गुलाबी, आणि त्यांची आई चेंगरून चपटी झालेली. एक हमाल बाहेर जाऊन ओकला.

धाकटा आला, नाकाला रुमाल न लावता सगळीकडे हिंडला, आणि शांतपणे म्हणाला, "फार नाही गेलेलं. खालचे टाकून देऊ. मधले नव्या कोब्यावर उन्हात पसरू, वाळले की चाळू, चांगल्यात मिसळून नव्या पोत्यांत भरू." मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. तर दुसऱ्या दिवशी सकाळी कोब्यावर पोहे पसरलेले, शेजारून गवंडी सिमेंटने माखलेल्या चपला घालून जातायत, वर कबुतरं, आणि दोन बायका बसून काळे पोहे वेचतायत. मी त्याला म्हटलं, अरे हे माणसं खाणार आहेत. तो म्हणाला, "मेसची पोरं, ताई. हळद-कांदा घातला की कुणाला कळतंय?" तुमचा मुलगा, नाना. तुमच्या ताटात जेवलेला. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना, त्या तोंडात दात आहेत, जीभ आहे, आणि त्यातून असं वाक्य निघतं याची मला शिसारी आली.

भांडून उपयोग नव्हता, त्याला तुमचं नाव घ्यायची सवय आहे. म्हणून मीही तुमचाच नियम काढला. कोब्यावरचे वाळलेले, निवडलेले पोहे एका पुडीत बांधून घरी नेले. ओट्यापाशी उभी राहिले. पोहे भिजवले, पाण्यावर तवंग आला, ते पाणी टाकलं, दुसऱ्यांदा धुतले. कांदा, मिरची, कढीपत्ता, शेंगदाणे, काही कमी ठेवलं नाही, वरून कोथिंबीर, ओलं खोबरं. दिसायला काय सुंदर झाले होते म्हणून सांगू. फोडणीत तो वास थोडा वेळ लपला आणि झाकण ठेवून वाफ आणली तशी परत वर आला. तिथं, वाफेत तोंड धरून, मला आई दिसली. आपल्याकडे पहिला घास नेहमी ती घ्यायची, नाना. तुम्ही समोर बसून तिच्या तोंडाकडे बघायचात. तिने "बरंय" म्हटलं की मग तुम्ही जेवायला सुरुवात करायचात. "नको" म्हटलं की तुम्ही न खाता उठायचात. पण तिने तर तोवर गिळलेला असायचा, त्या तांदळाच्या दिवशीही. बाजारभर तुमच्या जिभेचं कौतुक व्हायचं आणि जीभ होती आईची. तिला कधी कुणी विचारलं नाही की तुला खायचंय का. मला त्या क्षणी तुमचीही किळस आली, हे इथं लिहून टाकते. ती अजून पूर्ण गेलेली नाही.

डबा घेऊन गोदामावर गेले. दारात टेम्पो लागला होता, नव्या पोत्यांतले पोहे त्यात चढत होते. ऑफिसात दोन डिश मांडल्या, एक त्याच्यापुढे, एक माझ्यापुढे. म्हटलं, "नानांचा नियम. घरात खाल्लं गेलं तरच बाहेर जायचं." मला खात्री होती की तो पहिल्या चमच्याला थांबेल. घरातला माणूस, कितीही झालं तरी. तर त्याने डिश जवळ ओढली आणि खायला लागला. एक चमचा, दुसरा, तिसरा, माझ्या डोळ्यांत बघत, न थांबता. कपाळावर घाम आला तो बाहीने पुसला. शेवटचा शेंगदाणासुद्धा बोटाने उचलून खाल्ला. मग पाणी प्याला आणि म्हणाला, "छान झालेत. लिंबू कमी आहे." नाना, ती रिकामी डिश मला बुरशीहून किळसवाणी वाटली. जिंकायचं म्हणून माणूस काय काय गिळू शकतो.

"झालं? जाऊ दे टेम्पो?" तो म्हणाला. नंतर माझ्या डिशकडे बोट केलं. "की तू खाऊन सांगतेस?"

मी चमचा उचलला. तोंडापर्यंत नेला. आई काय करायची ते मला माहीत होतं, गिळायचं आणि मग सांगायचं. मी तो खाली ठेवला आणि म्हटलं, "वास येतोय." एवढंच. आणि उठून बाहेर गेले, टेम्पो रिकामा करायला सांगितला, आणि भर दुपारी शटर ओढायला घेतलं. ते किती जड झालंय हे मला माहीतच नव्हतं, मी ते कधी ओढलंच नव्हतं ना, आणि दिवसा तर कुणीच नाही. धाकटा मागून आला. हमालांसमोर म्हणाला, "नाना असते तर हे चाललं असतं का?" मी म्हटलं, "नाना असते तर त्यांनी तुझ्याआधी आईला खायला दिले असते." एका हमालाने पुढे होऊन शटरला हात लावला आणि ते खाली आलं.

पुढचं थोडक्यात सांगते. ते पोहे आम्ही सगळे खतात घातले, वाळवलेलेसुद्धा. धाकट्याने मधे एकदा सुचवून बघितलं की गोशाळेला देऊ, पुण्य लागेल. मी म्हटलं गाईलाही पोट असतं. तो मग दोन दिवस आलाच नाही. त्याच्या बायकोने फोनवर सांगितलं, ॲसिडिटी झालीय, मी म्हटलं काळजी घ्या, लिंबू देऊ नका. काकूंकडे मी स्वतः गेले, तो उलट्या झालेला मुलगा उठून बसला होता, पेज पीत होता. मी त्याला आणि काकूंना काय झालं ते सांगितलं, भिंतीला चिकटलेल्या पोत्यांसकट. काकूंनी त्याला आणखी पेज वाढली आणि मला विचारलं, "कधी उघडून राहिले मग?" माल भाड्याच्या जागेत हलवला, जो आधीच हलवता आला असता. पाणी मारून संपलं, भिंत वाळली. गिऱ्हाईकं इकडून तिकडून माल घेत राहिली आणि बहुतेक परत आली. एक-दोन आली नाहीत, त्यांचं बरोबर आहे.

म्हणजे गोदाम बंद राहिलं आणि काहीही झालं नाही. जग चाललं. हे मला फार लागलंय, नाना. आजी गेली त्या दिवशीही काही झालं नसतं. ट्रकवाला रस्त्यात थांबला असता, चहा प्याला असता, आणि तुम्ही आईजवळ बसू शकला असता.

काल जुनी भिंत पाडली. धूळ बसल्यावर मी आत जाऊन उभी राहिले, केवढंतरी मोठं दिसतं आता. भिंत जिथं होती तिथं जमिनीवर एक पांढरा पट्टा राहिलाय. आर्किटेक्टच्या नकाशात रॅक थेट नव्या भिंतीपर्यंत होते. मी ते नकाशात सरकवायला लावले आणि आज चारी बाजूंनी जमिनीवर पिवळी रेघ मारून घेतली. धाकटा माझ्याशी कामापुरतं बोलतो, त्याने विचारलं, इतकी जागा वाया? मी म्हटलं, नानांचा नियम, मांजर फिरलं पाहिजे. नव्याने लागलेल्या हमालाने इकडेतिकडे बघून मला विचारलं, "मॅडम, मांजर कुठंय?" मी त्याला काही सांगितलं नाही.

तुम्हाला सांगते, हे कुठं पोचणार नाही म्हणून. तुमचा नियम हातभर जागेचा होता. मी दीड हात सोडलीय. मांजराला हातभर पुरते. सकाळी सगळे यायच्या आत मी हातभर जागेत आडवी होऊन बघितलं होतं, आता मी मावत नाही.